शारजाचं शिसं, डॅन्यूबचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा बत्ता आहे. बत्ता म्हटल्यावर लगेच लसूण सोलायला बसू नका. आकार खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा असला तरी माझं काम कुटायचं नाही, आणि शिसं पोटात जाऊ नये म्हणून मला स्वयंपाकघरात मज्जावच आहे. मी पाण्याची खोली मोजतो. माझ्या डोक्याला भोक आहे, त्यात लांब दोर ओवलेला आहे. बोटीच्या पुढच्या टोकावरून मला झोका देऊन भिरकावतात, मी तळाला टेकलो की दोर ताणतात आणि किती दोर भिजला ते बघतात. वजन साडेतीन किलो. हलकं माझ्यात काहीच नाही, बोलणंही नाही, तेव्हा जरा दमाने ऐका.

माझा जन्म १९९२ साली शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात झाला. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवणारी एक पत्र्याची शेड होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत भट्टी. तिथे एका दुपारी गनी सारंग ओल्या वाळूने भरलेला डबा काखेत मारून आला. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या. हा मूळचा रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीकाठचा. शारजाच्या बंदरात एका कंपनीची टग चालवायचा. टग म्हणजे मोठमोठे तराफे ओढणारी छोटी, दणकट बोट. शेडवाल्याने त्याला विचारलं, टगवर खोली दाखवायचं मशीन असताना हे कशाला? गनी म्हणाला, मशीन आकडा सांगतं, तळ सांगत नाही. त्याने वाळूत साचा उठवला, त्यात शिसं ओतायला लावलं आणि मी गार होईपर्यंत समोर उकिडवा बसून राहिला.

माझ्या बुडाला त्याने अंगठा मावेल एवढा खळगा ठेवला. त्यात चिकट ग्रीस भरायचं. मी तळाला टेकलो की खाली जे असेल ते त्याला चिकटून वर येतं. वाळू आली, गाळ आला, शिंपल्यांचा चुरा आला, त्यावरून आपण कुठे आहोत हे गनीला कळायचं. दोरही त्याने स्वतः बनवला. दोन्ही हात फाकवले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. एक वाव म्हणजे चार हात. एक वाव दोर झाला की चामड्याचा तुकडा, दोन वाव झाला की पांढरी चिंधी, तीन वाव झाला की लाल लोकरीची गाठ. त्याच्या मामाने त्याला लहानपणी हेच शिकवलं होतं आणि त्याच्या हाताला दुसरं काही पटत नव्हतं.

मग काय, आमचे दिवस सुरू झाले. रास अल खैमाच्या डोंगरांतला दगड बार्जवर, म्हणजे त्या सपाट तराफ्यांवर, लादायचा आणि टगने ओढत दुबईकडे आणायचा. तिकडचा किनारा उथळ, वाळूचे बांध आज इथे तर उद्या तिथे. गनी पुढच्या टोकावर उभा राहायचा, मला दोन झोके द्यायचा आणि सोडायचा. "तीन वाव, वाळू" असं तो म्हणाला की दोर गुंडाळणारा हमदुल्ला सुकाणूकडे तोंड करून तेच ओरडायचा. हमदुल्ला दाभोळचा, अंगाने काटकुळा, पण हात असा चपळ की ओला दोर त्याच्या बोटांत आपोआप वेटोळी घेत यायचा. आम्हा तिघांचं छान जमलं होतं.

शाबासकीही मिळाली बरं का. एका जानेवारीत असं धुकं पडलं की टगवरून मागचा बार्ज दिसेना, आणि त्याच सकाळी मशीनने मान टाकली. चार तास गनीने मला फेकलं आणि ओढलं, फेकलं आणि ओढलं, आणि बार्ज अलगद धक्क्याला लावला. कंपनीचे अरब मालक स्वतः धक्क्यावर आले होते. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, माशाल्ला म्हणाले, आणि सगळ्या खलाशांसाठी बिर्याणी सांगितली. मला बिर्याणी मिळाली नाही, पण हमदुल्लाने मला खांद्यावर घेऊन धक्काभर मिरवलं. त्या दिवशी मी भलताच फुशारलो होतो.

दृष्ट लागावी असे दिवस होते ते, आणि दृष्ट लागलीच. १९९९ साली ऑफिसात नवे सुपरवायझर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कमरेला मोबाईल. ते टगवर आले तेव्हा गनी माझ्या खळग्यात ग्रीस भरत होता. सगळ्यांसमोर हसून ते म्हणाले, "सारंग, जमाना कहाँ पहुँच गया, आप अभी तक रस्सी से पानी नापते हो?" बाकीचे खलाशीही हसले. गनीला ते फार लागलं. त्याने मला पुसलं, खुंटीला अडकवलं आणि आठवडाभर हात लावला नाही. त्याच आठवड्यात शमाल म्हणतात ते उत्तरेचं वारं सुटलं, समुद्र ढवळून निघाला, वाळूचा बांध सरकला. उम्म अल क्वैनच्या समोर गढूळ पाण्यात मशीन भलताच आकडा दाखवत राहिलं आणि बार्ज वाळूत रुतला. बार्ज ओढायचा जाड दोर झटक्याने ताणला गेला. त्यात हमदुल्लाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी तिथून तीन पावलांवर खुंटीला लटकत होतो.

गनीला कुणी बोल लावला नाही. कंपनीनेही नोकरीवर ठेवलं. पण त्याने स्वतःच टग सोडली आणि औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचं काम मागून घेतलं. हमदुल्लाला भेटायला तो एकदाही गेला नाही. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जायचा आणि परत फिरायचा. पुढे हमदुल्ला रास अल खैमाला एका टाइल्सच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागला, तेव्हा तर गनीने त्या अमिरातीचं नाव काढणंच बंद केलं. पाण्याचंही तसंच. दुबईची खाडी ओलांडायला लोक छोट्या होडीत बसतात, पाच मिनिटांत पलीकडे; हा माणूस पुलावरून तासाभराचा वळसा घालून बसने जायचा. रात्रीची झोप गेली, हाताला कंप सुटला. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस पाण्याकडे बघेना, याहून वाईट ते काय?

आणि मी? मीही त्याच स्टोअरमध्ये. तिथे भिवा नावाचा साताऱ्याकडचा माणूस हिशेबाची पावतीपुस्तकं सांभाळायचा. एसीच्या वाऱ्याने त्याचे कागद उडायचे, म्हणून त्याने मला त्यांच्यावर ठेवलं. अंगावर चार वर्षांची धूळ बसली, दोर कडक झाला. गनी समोरून जायचा, पण नजर वर करायचा नाही. मला राग यायचा, मित्रांनो, खोटं कशाला बोलू. पाण्यासाठी जन्माला यायचं आणि पावत्यांवर बसायचं, म्हणजे शिशालासुद्धा जिवावर येतं.

आता पुढचं ऐका, कारण इथून माझं नशीब पालटलं. २००३ साली गनी साठीला टेकला. डिसेंबरमध्ये निवृत्ती, मग कायमचं गावी. त्याची मुलगी नबिला बुर दुबईत एका ट्रॅव्हल कंपनीत होती. लोकांना युरोपात नदीतून फिरायला पाठवायचं हे तिचं काम. कंपनीने कामावर खूश होऊन तिला तीन जणांचं जाणं-येणं दिलं: डॅन्यूब नदी, बारा प्रवाशांची छोटी बोट, जर्मनीतल्या पासाऊपासून बुडापेस्टपर्यंत दहा दिवस. गनी नाही म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं, नाही म्हणाला. तिसऱ्यांदा त्याची बायको मैमुनाबी बोलली. एरवी ती बाई दिवसभर बडबडते, पण त्या दिवशी मोजकंच बोलली.

"तीस वर्षं मी किनाऱ्यावर बसून तुमची वाट बघितली," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर एकदाही पाण्यावर बसले नाही. गावी जायच्या आत एकदा मला बसवा. तुम्ही डोळे मिटून बसा हवं तर."

तो तयार झाला. त्याने अट घातली की आपण बोटीत मधल्या खोलीत बसणार, बाहेर येणार नाही. मैमुनाबीने मान डोलावली आणि गुपचूप भिवाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी भिवा मला तांदळाच्या पिशवीत घालून त्यांच्या घरी घेऊन आला. "भाभी, सारंगांनी विचारलं तर माझं नाव घेऊ नका," तो म्हणाला, "आणि माझे कागद उडाले तर मी तुमचं घेईन." तिने मला जवळ्याच्या चटणीच्या बरणीशेजारी, दुपट्ट्यांच्या घडीत दडवलं. मला का नेतेय हे तिलाही धड सांगता आलं नसतं. औषधाची पुडी जवळ असावी तसं तिने मला जवळ ठेवलं.

विमानतळावर गंमत झाली. शिशातून एक्स-रे जात नाही. पडद्यावर तिच्या बॅगेत नुसता काळा डाग. गनी आणि नबिला पुढे गेले होते. शिपायाने बॅग उघडायला लावली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मैमुनाबीने शांतपणे सांगितलं की हे तिच्या नवऱ्याचं काम आहे. शिपायाने मला उचललं, हाताला झोला बसला, आणि परत ठेवून बॅगेची चेन लावली.

बोट जुनी होती, पांढरी, लाकडी कठड्याची. ती चालवणारी बाई साठीची, उंच, उन्हाने रापलेली. नाव वाल्ट्राऊट. मैमुनाबीने ते एकदा म्हणून बघितलं, जमेना, मग तिने तिला वालूबी करून टाकलं आणि ती बाईही त्या नावाला ओ देऊ लागली. मी केबिनमध्ये पलंगाखाली बॅगेत. पण मला बाहेरचं सगळं कळायचं, कारण मैमुनाबी दर तासाला खाली येऊन बॅगेची चेन उघडून मला सांगायची. काठावर सगळं हिरवं आहे रे, म्हणायची. डोंगराच्या पोटात दगडी पायऱ्यांची शेतं, त्यांत द्राक्षांचे वेल. गावागावात टोकदार मनोरे, घंटा वाजतात. हंस पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतात. काठावरची माणसं हात हलवतात, मीही दुपट्टा हलवते, कुणी ओळखीचं नाही तरी. शारजातली एवढी वर्षं वाळू आणि पत्रे बघण्यात गेली, असं म्हणून एकदा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गनी मात्र मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं ते नमाजने. जमिनीवर किब्ला एकदा ठरला की ठरला. नदीवर तसं नाही. नदी वळते, बोट वळते, आणि मक्केची दिशा कधी उजवीकडे, कधी पाठीमागे. खोलीत बसून अंदाज येईना, म्हणून पहाटे तो नाइलाजाने वर गेला. वालूबीने त्याला होकायंत्र दाखवलं. त्याने आग्नेयेकडे तोंड केलं, मुसल्ला पसरला, नमाज सुरू केली; आणि नमाजच्या मध्यावर नदीने असं वळण घेतलं की सजद्यातून डोकं वर काढलं तेव्हा समोर पडका किल्ला. तो तसाच मुसल्ल्यावर वळला. पुन्हा नदी वळली, तो पुन्हा वळला. सलाम फेरून नमाज संपल्यावर मैमुनाबीने बघितलं तर माणूस हसत होता. चार वर्षांनी हसला, हे तिने मला खाली येऊन तीनदा सांगितलं.

त्या दिवसापासून तो वरच बसू लागला. पहिल्यांदा पाण्याकडे चोरून बघायचा, मग उघड. पाणी हिरवट, संथ दिसणारं पण आतून ओढीचं. कडेला लव्हाळ्याच्या जाळ्या, त्यांत बगळे. उतरत्या उन्हात सगळं खोरं मधाच्या रंगाचं व्हायचं आणि घंटांचा आवाज पाण्यावरून हळूहळू यायचा. मैमुनाबी वालूबीच्या चुलीवर भात लावायची, चटणीची बरणी उघडायची. वालूबी ती चटणी पावाला लावून खायची आणि डोळे पुसत आणखी मागायची. एका संध्याकाळी गनी बायकोला म्हणाला, "इथलं पाणी गोडं आहे. झोंबत नाही." त्या रात्री तो सकाळपर्यंत झोपला.

पण मित्रांनो, बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. दोर दिसला की त्याचा हात अजून खिशात जायचा. एकदा वालूबीने बोट बांधताना दोराचं टोक त्याच्याकडे टाकलं, तर त्याने ते पायाशी पडू दिलं. मैमुनाबीने ते पाहिलं आणि बॅगेची चेन उघडून नुसती माझ्याकडे बघत बसली.

त्या वर्षी युरोपात असा उन्हाळा पडला होता की शारजाहून गारव्याला गेलेली माणसं घामाघूम झाली. नदी रोज आटत होती. सहाव्या दिवशी, वाखाउ नावाच्या त्या द्राक्षांच्या खोऱ्यात, वालूबी मशीनकडे बघत जपून चालली होती आणि मशीनचा आकडा एकदम नाचायला लागला. बोटीखाली खरखर झाली, ताटल्या खणखणल्या आणि बोट थांबली. पुढचं टोक गोट्यांच्या बांधावर चढलं होतं.

प्रवासी घाबरले. गनी मात्र उठून उभा राहिला. आयुष्यात पन्नास वेळा रुतलेला माणूस तो, त्याने सगळ्यांना हाताने धीर दिला आणि मोठ्याने सांगितलं, "नो प्रॉब्लेम. सिक्स अवर. पानी आयेगा, बोट उठेगा." खाडीवरच्या माणसाच्या रक्तातच ते असतं. बोट रुतली की चहा टाकायचा आणि भरतीची वाट बघायची.

नबिलाने त्याच्या दंडाला हात लावला. "अब्बा, इथे भरती नसते," ती हळूच म्हणाली. "नदीच्या वाटेने समुद्र इथून दोन हजार किलोमीटर लांब आहे. पाणी येणार नाही. उतरतच जाणार."

प्रवाशांनी विचारल्यावर तिने त्यांनाही अर्थ सांगितला आणि दोघे-तिघे हसले. तसे ते वाईट लोक नव्हते, भीतीत माणूस कशालाही हसतो. पण ते हसू गनीने ओळखलं. टगवरचं तेच हसू. त्याचा चेहरा उतरला आणि तो जिन्याकडे वळला, खाली मधल्या खोलीत जायला. वालूबी सुकाणूपाशी ओठ चावत उभी होती. संध्याकाळपर्यंत बोट निघाली नाही तर आणखी वीतभर पाणी उतरणार आणि बोट पावसाळी ढग येईपर्यंत तिथेच बसणार. नवऱ्यामागे ही बोट म्हणजेच तिचं घर होतं. नबिलाने हे वडिलांना सांगितलं. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकला.

आणि खालून मैमुनाबी मला घेऊन वर येत होती. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, दोर मागे लोंबतोय, बाई धापा टाकतेय. दोघं जिन्यात समोरासमोर आली.

"हे तू आणलंस?" त्याने विचारलं.

"आणलं. आता धरा, माझ्याने पेलत नाही."

"लोक हसतायत, मैमुना."

"मागच्या वेळी तुम्ही हसण्याला घाबरून याला खुंटीला टांगलंत," ती म्हणाली. "आज पुन्हा टांगायचं असेल तर सांगा, मी खाली नेऊन ठेवते."

मग त्याने मला घेतलं. आधी नुसता तळवा टेकवला, मग बोटं वळली. चार वर्षांनी मला त्या हाताची ऊब लागली आणि मी मनात म्हटलं, यल्ला गनी, चल, आता सोडू नकोस.

पुढे त्याला काही सांगावं लागलं नाही. बोटीबरोबर एक छोटी होडी होती. ती त्याने पाण्यात उतरवली, तिला लांब दोर बांधून वालूबीच्या हातात दिला, म्हणजे ओढीत होडी वाहून जायला नको. वल्ही नबिलाकडे. मैमुनाबी न विचारताच होडीत जाऊन बसली. माझ्या खळग्यात भरायला ग्रीस नव्हतं. त्याने नाश्त्याचं लोणी भरलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला लोणी पहिल्यांदाच मिळालं. मग तो होडीत उभा राहिला, मला एक झोका दिला, दुसरा दिला आणि सोडलं.

अहाहा, ते पाणी! गार, गोडं, तळापर्यंत उजेड असलेलं. मी गोट्यांवर टेकलो. दोर ताणला गेला. "दोन हात, बारीक गोटे," गनी म्हणाला. आवाज घोगरा होता. बोटीला निदान अडीच हात पाणी लागत होतं. होडी डावीकडे सरकली. "दोन हात, गोटे." आणखी डावीकडे. "अडीच हात, वाळू." आवाज मोकळा होत चालला. नदी जिथे बाहेरच्या अंगाने वळत होती तिथे त्याने मला लांब भिरकावलं, आणि मी गेलो, गेलो, खाली गेलो. वर आलो तेव्हा लोण्याला काहीच चिकटलेलं नव्हतं. ते बघून गनीचे डोळे चमकले. तळ धुतलेला, म्हणजे ओढ इथून वाहते, म्हणजे वाट हीच. त्याने दोर हातात चाचपला. चामड्याचा तुकडा भिजला होता.

"एक वाव!" तो ओरडला. सगळ्या खोऱ्यात तो आवाज घुमला. वालूबीला शब्द कळला नाही, पण त्याने चार बोटं वर केली आणि ती समजली.

मैमुनाबीने आपला केशरी दुपट्टा टर्रकन फाडला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना एकेक चिंधी, खाली दोरीने दगड. गनी बोट दाखवेल तिथे ती बाटली सोडायची. अशा पाच केशरी खुणा पाण्यावर डोलू लागल्या, एकामागे एक, खोल वाटेच्या. मग गनीने बोटीचा नांगर होडीत घालून शेवटच्या खुणेजवळ खोल पाण्यात टाकला, परत येऊन सगळ्या प्रवाशांना बोटीच्या मागच्या बाजूला उभं केलं, म्हणजे पुढचं टोक हलकं होईल. मघाशी हसलेले तिघे सगळ्यांत मागे जाऊन उभे राहिले. नांगराची चरखी फिरू लागली. साखळी ताणली, बोट कण्हली, खरखर झाली, आणि पुढचं टोक हळूच पाण्यात उतरलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काठावरचे बगळे उडाले.

वालूबीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने सुकाणू सोडलं, बाजूला सरकली आणि त्या जागेकडे हात केला. गनीने माझा दोर नबिलाच्या हाती दिला, पुढे होऊन सुकाणू धरलं आणि त्या पाच खुणांमधून बोट बाहेर काढली. हाताला कंप नव्हता. पुढच्या गावापर्यंत त्यानेच बोट नेली. मैमुनाबी त्याच्याशेजारी स्टुलावर बसली होती, डोक्यावर उरलेला अर्धा दुपट्टा. मी पुढच्या टोकावर ठिबकत पडलो होतो आणि सगळं खोरं, घंटा, वेल, ऊन, प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. बाईने काही वाढवून सांगितलं नव्हतं. त्या गावात सगळ्या प्रवाशांनी मिळून आम्हाला जर्दाळूच्या मुरंब्याच्या बारा बाटल्या दिल्या.

शारजाला परतल्यावर गनीने मला बॅगेतून काढलं, पण घरात ठेवलं नाही. पहिल्याच शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मला काखोटीला मारून तो बायकोबरोबर रास अल खैमाच्या टॅक्सीत बसला. टाइल्सच्या गोदामाबाहेर हमदुल्ला खुर्ची टाकून बसला होता. केस पिकले होते. गनी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. वाटभर पाठ केलेलं सगळं विसरला.

"मी लोकांच्या हसण्याला भ्यालो, हमदुल्ला," तो म्हणाला. "त्यात तुझी बोटं गेली. मला माफ कर."

हमदुल्ला उठला. "बोटं माझी गेली आणि तोंड तुम्ही लपवलंत," तो म्हणाला. "चार वर्षं, सारंग. या गेटवर येणाऱ्या प्रत्येक गाडीत मी तुम्हाला बघत होतो."

मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मी मध्ये चेंगरलो. मैमुनाबी पलीकडे तोंड करून टाइल्स बघत राहिली. थोड्या वेळाने हमदुल्लाने मला गनीच्या हातातून घेतलं, तीन बोटांत दोर धरला आणि रस्त्याकडे तोंड करून मला झोका दिला. एक, दोन. अंदाज तसूभर चुकला नव्हता.

गावी जायचं तिकीट गनीने पुढे ढकललं. गेली दोन वर्षं दर शुक्रवारी सकाळी शारजाच्या धक्क्यावर नव्या खलाशांचा वर्ग भरतो. गनी फेकायला शिकवतो, हमदुल्ला तीन बोटांनी दोर गुंडाळायला शिकवतो, आणि कुणी हसलं तर दोघंही आधी त्याच्याच हातात मला देतात. परवा तेच इस्त्रीवाले सुपरवायझर आले होते. त्यांनी मला फेकलं तेव्हा अर्धा दोर त्यांच्याच पायात अडकला, पण शिकतील.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा माणूस एका चुकीनंतर गप्प झाला असेल, हातातलं काम टाकून भिंतीकडे बघत बसला असेल, तर त्याची कीव करत बसू नका. त्याचं हत्यार शोधा, धूळ पुसा आणि त्याच्या हातात द्या. आणि तो घेईपर्यंत तिथून हलू नका. माझ्याबद्दल म्हणाल तर मागणं थोडंच आहे. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. वापरा, वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवा आणि दोर सावलीत वाळत घाला.